दुसऱ्या नंबराचा कानिफतात्या

कानिफतात्या गेला तेव्हा मास्तरीण हरभरा खात होती.

मास्तरीण म्हणजे त्याची घोडी. करड्या रंगाची, लांब मानेची. समोरच्याकडे अशी बघायची की त्याला वाटावं, आपला गृहपाठ राहिलाय. म्हणून हे नाव. त्या दुपारी तात्यानं तिच्यापुढं भिजवलेल्या हरभऱ्याचं घमेलं ठेवलं, ओट्यावर बसला आणि भिंतीला पाठ टेकवली. त्याची बायको गोजरकाकू आतून चहा घेऊन आल्या. "घ्या, निवंल," म्हणाल्या. थोड्या वेळानं परत म्हणाल्या. घमेलं रिकामं झालं, घोडीनं ते पायानं वाजवलं, तरी तात्या उठला नाही.

शाहबाजला फोन आला तेव्हा तो कर्जतला एका लग्नाच्या मांडवात स्पीकर बांधत होता. तसाच शिडीवरून उतरला आणि मोटरसायकल काढली. तात्याच्या दारात पोचला तेव्हा गाव जमलं होतं. लोकांनी त्याला वाट करून दिली. हा तात्याचा दोस्त, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक सत्तरीला टेकलेला, दुसरा अजून तिशीच्या अलीकडचा. शाहबाज ओट्यापाशी उभा राहिला. कुणीतरी म्हणालं, "शाबाज, बस बाबा." तो बसला नाही. गोठ्यात गेला, घोडीपुढं पाण्याची बादली ठेवली आणि तिचं पिऊन होईपर्यंत तिथंच उभा राहिला.

तात्याची ओळख सांगायची तर सोपी आहे. मिरजगावच्या अलीकडं थोडी कोरडवाहू जमीन. ज्वारी, तूर, बांधावर बोरी. लग्नसराईत नवरदेवासाठी घोडी. आणि चैत्रात पिराच्या माळावर उरूस भरला की शर्यत. कणसं काढल्यावर ज्वारीचं ताट उभं राहतं तसा उंच आणि सडपातळ. घोडीवर बसला की दिसायचाच नाही, घोडीच एकटी पळतेय असं वाटायचं. मिसरूड फुटल्यापासून पायात वात भरेपर्यंत तो त्या माळावर पळाला. आणि दरवेळी दुसरा आला.

एखाद्या वर्षी तिसरा आला असता तर लोकांनी विसरून तरी टाकलं असतं. पण नाही. दुसरा म्हणजे दुसराच. पारावरची माणसं त्याला 'दुजवर' म्हणायची, दुसरं लग्न करणाऱ्याला म्हणतात तसं. उरुसाच्या आदल्या दिवशी तो घोडी घेऊन निघाला की हाक यायची, "निघालं का दुजवर?" तात्या हसायचा. गोजरकाकूंना मात्र ते लागायचं. एकदा त्या डोक्यावरची पाण्याची कळशी तशीच ठेवून पारापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "दुजवर म्हनताय, पन मी पयलीच हाय. इचारून बगा त्यांना." त्यानंतर काकू दिसल्या की अख्खा पार गप्प असायचा.

शाहबाजची आणि त्याची गाठ पडली ती माईकमुळं. शाहबाजचे वडील शमशेरभाई या माळावर शर्यती पुकारायचे. त्यांचा आवाज असा, की शर्यतीच्या पट्टीच्या अगदी शेवटी उभ्या असलेल्या माणसाला कुणाची घोडी कुठं आहे ते डोळे मिटून कळावं. मग त्यांचा घसा गेला. आवाजाचं नुसतं घरघरणं उरलं. मुलगा कॉलेज संपवून नुकताच घरी आला होता. माईक त्याच्या हातात आला.

पहिल्याच वर्षी शाहबाजनं झोकात पुकारा केला. विजेसारखी काय, वाऱ्यासारखी काय, धनुष्यातून सुटलेल्या बाणासारखी काय. स्वतःवर खूश होऊन खाली उतरला. तर समोर कानिफतात्या, हातात घोडीचा लगाम.

"लई चांगलं बोलतूस," तात्या म्हणाला.

"आभारी आहे, तात्या."

"पन पयलं कोन आलं?"

शाहबाजनं विचार केला. ते सांगायचंच राहून गेलं होतं.

"मी घोडीवर हुतो," तात्या म्हणाला, "तरीबी मला कळंना मी कितवा आलो. आवो, ही वीज, त्यो वारा, मग आमी कुटं?" आणि असा हसला की शाहबाजलाही हसू आवरेना. तिथून दोस्ती. नंतर शाहबाज काम नसलं की तात्याच्या गोठ्यात जाऊन बसायचा. चहा व्हायचा. तात्या घोडीच्या अंगावरून खरारा फिरवायचा. बोलणं फार नसायचं. शाहबाजला दिवसभर बोलावं लागायचं. तिथं गप्प बसता यायचं, हेच त्याला आवडायचं.

आता पिराच्या माळावरची एक रीत सांगायला हवी. दुसरीकडं कुठं ती असल्याचं ऐकिवात नाही.

उरुसाच्या दिवशी पहिली शर्यत सुटायच्या आधी पट्टी मोकळी ठेवतात. माणूस नाही, जनावर नाही. झेंडेवाला झेंडा टाकतो आणि पुकारणारा रिकाम्या पट्टीवरची शर्यत पुकारतो. तिच्यात पळतात ते सगळे गेलेले. या माळावर नाव काढलेले स्वार, त्यांच्या त्यांच्या मेलेल्या घोड्यांवर. लोक तिला 'गेलेल्यांची फेरी' म्हणतात. पुकारा चालला की हजारो माणसं माना वळवून त्या रिकाम्या पट्टीकडं बघत राहतात.

ही रीत शमशेरभाईंनीच पाडली. गोरक्षनाथ नावाचा स्वार होता. त्याच्यासारखा पळणारा त्या माळानं दुसरा बघितला नाही. मैना त्याची घोडी. तो भर तारुण्यात तापानं गेला, आणि मैनाही त्याच्यामागं फार जगली नाही. त्या वर्षी त्याची आई रंगुबाई उरुसाला आली आणि जिथं तिचा मुलगा दरवर्षी गुलालात न्हाऊन उभा राहायचा तिथं जाऊन बसली. उठेना. शर्यत सुरू करायची कशी? कुणालाच तिला उठवायला जीभ रेटेना. तेव्हा शमशेरभाईंनी माईक घेतला आणि गोरक्षनाथची शर्यत पुकारली. आधीच्या गेलेल्यांना त्याच्याबरोबर पळवलं आणि त्याला पहिला आणला. रंगुबाई उठली. पदरानं तोंड पुसलं आणि बाजूला जाऊन बसली.

तेव्हापासून नियम पडला. वर्षात जो गेला तो पहिला. त्याच्या घरच्यांना फेटा, गुलाल, ढोल. बाकीच्यांनी आपापल्या कुवतीप्रमाणं पळायचं.

लोक ही फेरी खऱ्या शर्यतीपेक्षा मनावर घेतात. "आमचं आजोबा चवथं कसं?" म्हणून एका घरानं शमशेरभाईंशी दोन वर्षं बोलणं टाकलं होतं. एकदा तर मोठीच फजिती झाली. सोनईचे दगडूबुवा बरीच वर्षं दिसले नव्हते. मागंच कधीतरी गेले असावेत असं समजून शमशेरभाईंनी त्यांना फेरीत घेतलं आणि तिसरा नंबर दिला. पुढच्या उरुसाला बुवा काठी टेकत हजर. शमशेरभाई हात जोडायला गेले. बुवा म्हणाले, "माफीचं ऱ्हाऊ द्या. पन त्यो तिसरा नंबर माझ्याच नावावर ठिवा. जित्तेपनी कवा मिळाला न्हाई." पुढं ते खरोखर गेले. ते एक वर्ष सोडलं तर तिसरा नंबर अजून त्यांच्याच नावावर आहे.

आणि या वर्षी गेला होता कानिफतात्या.

दहाव्याला तात्याची मुलगी मोनिका शाहबाजला बाजूला घेऊन गेली. ती नगरला एमआयडीसीत एका कंपनीच्या ऑफिसात असते. रडून डोळे सुजले होते, पण बोलली ठाम.

"शाहबाजदादा, औंदा आमचे आबा पहिले येणार ना?"

"नियमच आहे तो."

"नियम म्हणून नको. चांगलं पुकार. एकदम जोरात. मला ऐकायचंय. शाळेत पोरं मला 'दुसऱ्याची' म्हणून चिडवायची. आबांना एकदा पहिलं आलेलं बघायचंय मला. दिसणार तर नाहीतच. ऐकायला तरी मिळू दे."

"मिळेल," शाहबाज म्हणाला. त्याला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच वाटलं की तात्यासाठी आपल्याला काही करता येईल. त्या दिवसापासून तो मनातल्या मनात ती फेरी जुळवू लागला. रस्त्यानं जाताना ओठ हलायचे. तात्या पुढं येतोय, पुढं येतोय, आला. हे जमलं की तात्या खरोखर गेला हे त्याला थोडं कमी जाणवायचं.

उरूस चार दिवसांवर आला. शाहबाज गोजरकाकूंकडं गेला. काकू मास्तरिणीपुढं कडबा टाकत होत्या.

"काकू, तात्याला मास्तरिणीवर घेणार आहे फेरीत."

काकूंनी पेंढी खाली टाकली. "आरं, जित्ती हाय ना ती! डोळ्याफुडं खातीया. मेल्याल्यांच्यात न्हेतूस व्हय तिला? ती काय दगडूबुवा हाय?"

"चुकलो," शाहबाज म्हणाला. मास्तरिणीनंही त्याच्याकडं तसंच बघितलं.

"जाईवर घे, त्यांच्या आदल्या घोडीवर. ती गेलीया कवाच. गोरखनाथच्या वक्ताला जाईच हुती." काकू दगडावर बसल्या. म्हणाल्या, "आन् पयला नगं आनू."

शाहबाजला वाटलं, आपण काही चुकीचं ऐकलं.

"काकू, नियम आहे. वर्षात जो गेला..."

"ठाव हाय मला नियम. तू मला येक सांग. पयला आल्याचं पुढं काय हुतं?"

"गुलाल. ढोल. खांद्यावर घेतात."

"आन् घोडीचं?"

ते शाहबाजनं कित्येकदा बघितलं होतं. पहिली आलेली घोडी गर्दीत अडकते. अंग तापलेलं, तोंडाला फेस, नाकपुड्या फुललेल्या. तिला त्या घडीला हळूहळू चालवायला हवं. पण चारी बाजूंनी माणसं. डोळ्यांत गुलाल, कानाशी ढोल. पाय आखडतात तिचे.

"जाई ढोलाला भ्यायची," काकू म्हणाल्या. "लई भ्यायची. ह्ये दुसरे यायचे. दुसऱ्याकडं कोन बगतंय? उतरायचं, पोटाचा तंग ढिला करायचा, खोगीर काढायचं, आन् चाललं बाभळीखाली. फिरवायचं तिला. गोनपाटानं अंग पुसायचं. बोलत ऱ्हायचं तिच्याशी. तू बगितलंस का त्यांचं तोंड त्या वक्ताला?"

शाहबाजनं बघितलं होतं.

"म्हंजे तात्या मुद्दाम मागं राहायचा?"

"छ्या! मुद्दाम काय. पळवायचे की जीव तोडून. पन शेवटाला चाबूक उचलावा लागतुया ना, त्यो उचलला न्हाई कदी. त्येवढंच." काकूंनी हात झटकले. "गोरखनाथ सुदा पयला आला की गर्दीतनं मैनाचा लगाम ह्यांच्याकडं द्यायचा. तात्या, हिलाबी फिरीव म्हनायचा. समदेच द्यायचे. दोन-दोन घोड्या घिऊन फिरायचे ह्ये. आता तू त्यांना पयला आनशील. मानसं खांद्यावर घेतील. जाई तितंच अडकंल. ह्ये लाजून मरतील."

"काकू, मेलाच की तो," शाहबाजच्या तोंडून निघून गेलं.

"व्हय की," काकू म्हणाल्या. "मग परत कशाला मारतूस?"

दोघंही हसले. मग काकूंनी पदर डोळ्याला लावला आणि मास्तरिणीनं कडबा ओढायला सुरुवात केली.

"मोनिकाला शब्द दिलाय मी," शाहबाज म्हणाला.

"ती त्यांची पोर हाय. मी बायको हाय. तू दोस्त हायस. बग तुज्या मनानं." काकूंनी बोलणं तिथंच संपवलं.

शाहबाज घरी आला तो डोकं धरूनच. शमशेरभाई अंगणात बाजेवर बसले होते. त्यानं सगळं सांगितलं. अब्बांनी नीट ऐकून घेतलं. मग घरघरत्या आवाजात म्हणाले, "नियम मी केला. पण तेव्हा नियम करायचा म्हणून नाही केला. रंगुबाईचं तोंड बघितलं आणि पुकारलं. तू कुणाचं बघणार, ते ठरव."

"दोन तोंडं आहेत, अब्बा. एकीकडं काकू, एकीकडं मोनिका."

"मग तिसरं बघ," अब्बा म्हणाले आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

उरुसाच्या दिवशी सकाळपासून माळ फुलला. पाळणे, गुळातली गुडीशेव, चादरी घेऊन दर्ग्याकडं निघालेली माणसं, टेम्पोतून उतरणाऱ्या घोड्या. उरूस समितीचे अध्यक्ष रामभाऊ पांढऱ्या टोपीत सगळीकडं एकदम दिसत होते. पट्टीच्या शेवटी भला मोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर तात्याचा फोटो, अंगात कोट. तात्यानं आयुष्यात कोट घातला नव्हता. खाली लिहिलेलं, 'गेलेल्यांच्या फेरीचे औंदाचे प्रथम मानकरी'.

"फोटोत कोट कॉम्प्युटरवर चढवलाय," रामभाऊ शाहबाजला म्हणाले. "भारी दिसतोय का न्हाई? आता असं कर, तू 'पहिला' म्हनलास की मी हात वर करनार. हात वर झाला की ढोल. एका सेकंदाचा फरक पडायला नको. पोरं मोबाईलवर लाईव्ह दावनार हायत."

फ्लेक्सखाली मोनिका उभी होती. हातात गुलालाचं ताट. तिनं शाहबाजकडं बघून मान हलवली. थोड्या अंतरावर बायकांच्या गर्दीत गोजरकाकू बसल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. त्यांच्या शेजारी रंगुबाई, आता पार थकलेली, कानामागं हात धरून.

शाहबाज मचाणावर चढला. वरून सगळी पट्टी दिसत होती. नांगरून, पाणी मारून, लाकडी फळी फिरवून तयार केलेली. एकही खूर न उमटलेली. पट्टीच्या शेवटी डाव्या अंगाला बाभळीचं झाड. त्याखाली कुणीच नव्हतं.

त्याच्या मनात अजून काही ठरलं नव्हतं. पहिला आणायचा पुकारा तोंडपाठ होता. दुसरा आणायचा जुळवलाच नव्हता.

झेंडा पडला.

"सुटल्या!" शाहबाजचा आवाज माळावर गेला. "सुटल्या घोड्या! हुसेन पटेलांची पाखरी पुढं. पाखरी सुटायला नेहमी चपळ, आणि दमायलाही चपळ! तिच्यामागं मैना. मैनावर गोरक्षनाथ, लाल फेटा. कडेनं कोण येतंय? कडेनं जाई. जाईवर कानिफतात्या!"

माळभर आरोळी उठली. मोनिकानं ताट घट्ट धरलं.

"अर्धी पट्टी झाली. पाखरी दमली. पटेल मागं. सोनईचे दगडूबुवा आपल्या ठरल्या जागी, तिसरे!" हशा पिकला. "पुढं दोघंच आता. गोरक्षनाथ आणि कानिफ. मैना आणि जाई. मानेला मान. जाई अर्ध्या मानेनं पुढं! जाई पुढं!"

लोक उठून उभे राहिले. रिकाम्या पट्टीवरून हजारो डोळे एका वेगानं सरकत होते. रामभाऊंचा हात छातीपाशी आला. ढोलवाल्यांनी टिपऱ्या उचलल्या.

शाहबाजलाही दिसत होतं. नेहमी तो शब्द जुळवायचा, आज नुसतं बघत होता. जाईच्या पाठीवर वाकलेला तो उंच, सडपातळ माणूस. शेवटचा टप्पा आला. आता चाबूक उचलायला हवा. शाहबाजनं त्या हाताकडं बघितलं.

"गोरक्षनाथचा चाबूक वर," तो म्हणाला. आवाज जरा खाली आला होता. "कानिफतात्याचा हात... कानिफतात्याचा हात खालीच. मैना पुढं सरकली. मैना आली. गोरक्षनाथ पहिला. कानिफतात्या दुसरा."

रामभाऊंचा हात अर्ध्यात अडकला. एका ढोलवाल्यानं चुकून एक टोला मारला आणि लगेच कातड्यावर तळवा दाबला.

"आरं, काय केलंस!" रामभाऊ मचाणाच्या खालून ओरडले. "नियम हाय ना! फ्लेक्स बग की वर!"

मोनिका मचाणाकडं बघत होती. तिचा चेहरा वरून नीट दिसत नव्हता. पण ताट खाली आलेलं दिसत होतं. या क्षणी खाली उतरलो तर ही पोरगी जन्मात आपल्याशी बोलणार नाही, हे शाहबाजला कळत होतं.

"बसा," तो माईकवर म्हणाला. "बसा सगळे. फेरी संपली नाही."

असं कुणी कधी पुकारलं नव्हतं. घोड्या पोचल्या की पुकारा संपतो. लोक गोंधळले, पण बसले.

"गोरक्षनाथभोवती गर्दी झालीय," शाहबाज म्हणाला. "गुलाल उडतोय. मैना बिथरलीय, कान मागं टाकलेत. इकडं कानिफतात्या उतरला. त्याच्याकडं कुणाचं लक्ष नाही. त्यानं तंग ढिला केला. खोगीर काढलं. जाईचं अंग तापलंय, वाफ निघतेय. तात्यानं तिच्या मानेवर हात ठेवला. तो तिला बाभळीकडं घेऊन चाललाय. हळू. अगदी हळू."

आता माना बाभळीकडं वळल्या.

"गर्दीतून गोरक्षनाथनं हात वर केला. हातात मैनाचा लगाम. तो म्हणतोय, तात्या, हिलाबी फिरीव. तात्यानं लगाम घेतला. एका हातात जाई, एका हातात मैना. चालला. ढोल तिकडं राहिला. बाभळीखाली सावली आहे. तात्या घोड्यांशी बोलतोय. काय बोलतोय ते इथून ऐकू येत नाही."

मंडपाच्या कडेला जुन्या स्वारांची एक रांग बसली होती. त्यातला मांडी घालून बसलेला एक म्हातारा उठला. "माझीबी फिरिवली हुती त्यानं," म्हणाला. कुणाला उद्देशून नव्हे, असाच. दुसरा ओरडला, "माझीबी! गुलालात तिचा डोळा सुजला आस्ता, कानिफ हुता म्हनून!" तिसऱ्यानं बसल्या जागेवरून नुसता हात वर केला. मग आणखी हात वर झाले. या माळावर गेल्या कित्येक वर्षांत पहिले आलेले जेवढे जिवंत होते, त्यातले बहुतेक हात वर होते.

मोनिकानं मागं वळून त्या हातांकडं बघितलं. सगळे पहिले आलेले. ती ते बघतच राहिली. रंगुबाई शेजारणीला विचारत होती, "माजा पयला आला का गं? खरंच का?" शेजारीण तिच्या कानात मोठ्यानं म्हणाली, "व्हय, म्हातारे! आन् मैना कानिफच्या हातात दिली त्यानं!" रंगुबाईनं मान डोलावली. "चांगल्या हातात दिली," म्हणाली.

रामभाऊंनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. फ्लेक्सकडं एकदा बघितलं आणि त्याच्याकडं पाठ करून बाभळीकडं तोंड केलं.

शाहबाज पुकारत होता. त्याचा आवाज आता चढा नव्हता. गोठ्यात बसून बोलावं तसा झाला होता. "एक चक्कर झाली. दुसरी चाललीय. मैनाचे कान वर आले. जाईनं फुरफुर केली. तात्यानं गोणपाट घेतलं, पाठ पुसली, पोट पुसलं. आता घोड्यांना तहान लागलीय. तात्या त्यांना घेऊन हौदाकडं निघाला..."

"आवो!"

बायकांच्या गर्दीतून गोजरकाकू उठल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, हात बाभळीच्या दिशेनं लांब केलेला. भर माळावर, हजारो माणसांसमोर, त्या नवऱ्याला हाक मारत होत्या.

"आवो, इतक्यात पानी दावू नगा! आंग गरम हाय तिचं आजून! दरसाल सांगावं लागतं!"

मग मोनिका हसली. आधी तीच हसली. ताटातला गुलाल हलला, तिच्या हातावर सांडला, साडीवर सांडला. ती हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि पुसता पुसता तोंड लाल झालं. मग सगळा माळ हसला. म्हातारे स्वार मांड्यांवर थापा मारून हसले. काकूंना एकाएकी भान आलं. त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि मटकन खाली बसल्या. रंगुबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

शाहबाजनं माईक जरा लांब धरला, श्वास घेतला, परत जवळ आणला.

"तात्या थांबला," तो म्हणाला. "काकूंकडं बघितलं. बरं म्हणाला. घोड्या वळवल्या. अजून एक चक्कर मारतोय."

पहिल्या शर्यतीच्या घोड्या झेंड्यापाशी येऊन उभ्या होत्या. स्वारांनी लगाम आवरून धरले होते. झेंडेवाल्यानं रामभाऊंकडं बघितलं. रामभाऊंनी हातानं खूण केली, थांब जरा. ती चक्कर पुरी होईपर्यंत माळावरचं कुणीही जागचं हललं नाही.